हायड्रा आला, पण गाडी उचलत काहून नाही?

सकाळचे सहा. जाम गावच्या चौरस्त्यावरून हिंगणघाटकडे जाणारा 44 नंबरचा हायवे, डिव्हायडरवर चढलेली कार, रेडिएटरचं पाणी अजून टपटप गळतंय आणि हायड्रावाला, म्हणजे गाड्या उचलणाऱ्या क्रेनवाला, भाऊ बाजूला उभा राहून पन्नीत खर्रा घोटतोय. लोकं ओरडतात, उचल ना बापा, मागं लाईन लागली! तो उचलत नाही. काहून? पोलीस यायचे आहेत, पंचनामा व्हायचा आहे, कोणाला लागलेलं असलं नं तर पंचनाम्याच्या आधी पट्टा अडकवला की गाडी कुठं होती, टायर कुठून घासले, सगळं गेलं, मग ठाण्याच्या चकरा यालेच.

कायदा 1988 चा, मोटार वाहन कायदा. कलम 134 म्हणते ड्रायव्हरनं जखमीला दवाखान्यात न्यायचं, ठाण्यात खबर द्यायची, फार तर 24 तासात. अन् गंमत म्हणजे जमाव भडकलेला असेल तर दवाखान्याची सक्ती नाही असंही त्यातच लिहिलंय. लिहिणाऱ्यानं आपलं गाव पाहिलं असावं.

हायवेवर 1033 ला फोन लावा, टोलवाल्यांची क्रेन येते. पण ती रस्ता मोकळा करण्यापुरती, गाडी साइडला लावते अन् निघते. गॅरेजपर्यंत ओढून न्यायचं तर प्रायव्हेट टोचन, म्हणजे टोइंगवाला, भाव तिथंच उभ्या उभ्या. मागच्या पोळ्याला आमच्या मामाजीची कार वडनेरजवळ कोणाच्या तरी पराटीत, म्हणजे कपाशीत, उतरली, टोचनवाल्यानं सहा हजार सांगितले, घासाघीस करून साडेचारवर आला, वरून कास्तकाराला पराटीचे वेगळे. इन्शुरन्स कंपनीनं दिले 1500. कारच्या साध्या पॉलिसीत टोचनचे तेवढेच असतात, वेगळं कव्हर घेतलं असलं तर गोष्ट वेगळी, पण ती पॉलिसी वाचते कोण.

गाडी तपासणीसाठी ठाण्यात नेली तर कलम 136 नुसार कुठं नेली ते मालकाला सांगावं लागते, अन् सोपस्कार संपले की 24 तासात परत द्यावी लागते. आता ते सोपस्कार संपतात कधी, हे कोणत्याही ठाण्याच्या मागं जाऊन बघा, बोनटमधून बाभूळ निघालेली एखादी तरी गाडी दिसेलच.

इकडं साडेआठ वाजले. साहेबांनी टेप गुंडाळला, मान हलवली. खर्रा गालात, पट्टा चाकांखालून, कार हवेत. तिरपी झाली तसा मागच्या दारातून स्टीलचा डबा घरंगळला, झाकण पार पलीकडच्या लेनमध्ये.