ताप उतरला म्हणून लगेच कामावर? दोन दिवस थांबा!

नमस्कार मंडळी! कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जावा, पावसाळ्यात कामगारांच्या वरच्या खिशात ही असतेच. (गोळ्यांची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरून) सकाळी अंग तापलेलं, चहाबरोबर एक गोळी, थोड्या वेळात घाम फुटतो आणि गडी शिफ्टला हजर. कारण खाडा पडला की पगार कापला जातो. ही अडचण खरी आहे, तिच्यावरही बोलूया. आधी गोळीचं बघू.

पॅरासिटॅमॉल ताप उतरवते, आजार नाही. फ्लू असेल तर लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस तो तुमच्याकडून दुसऱ्याला लागू शकतो. म्हणजे डबा खायला शेजारी बसणाऱ्यालाही. गोळी न घेता 24 तास ताप आला नाही आणि अंगात तरतरी आली, तरच कामाचा विचार करा.

आता डेंग्यू. इथं माणसं सगळ्यात जास्त फसतात. डेंग्यूचा ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी उतरतो. घरातले म्हणतात, चला, सुटलो. पण काही रुग्णांच्या बाबतीत खरा धोका तिथंच सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपायला लागतो, बीपी खाली येतं. ताप उतरल्यानंतरचे 24 ते 48 तास फार जपायचे असतात, आणि नेमकं त्याच दिवशी आपण बाईकला किक मारून कामावर निघतो! पोटात जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, हातपाय गार पडलेत, तर वाट बघू नका, थेट सीपीआर, म्हणजे आपलं सरकारी रुग्णालय गाठा. आणि डेंग्यूची शंका असताना अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन मनानं घेऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो.

फौंड्रीत काम करणाऱ्यांनी तर हे ऐकाच. ओतकामाच्या वेळी लोखंड 1300-1400 अंशांवर असतं. तापानं अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं, त्यात भट्टीची धग. वितळलेल्या लोखंडाचं भांडं, म्हणजे लाडल, दोघांनी उचललेलं असताना एकाला चक्कर आली, तर भाजणारा दुसराही असू शकतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन लेथवर, प्रेसवर उभं राहू नका.

हॉटेलात, मिसळीच्या गाड्यावर काम करताय? शेवटची उलटी किंवा जुलाब झाल्यापासून 48 तास अन्नाला हात लावायचा नाही.

आता पैशांचं. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि कंपनीला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना लागू असेल, तर पगारातून 0.75 टक्के कापले जातात. त्या बदल्यात आजारपणात सरासरी रोजाच्या 70 टक्के रक्कम मिळते, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. अट अशी की, ठरलेल्या सहा महिन्यांत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत, त्यामुळे एक-दोन दिवसांच्या तापाला हा आधार तोकडा पडतो. तेवढे दिवस तरी मालकांनी भरपगारी द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्लिपवर कपात दिसत असेल, तर आजारी पडल्या दिवशीच ईएसआयच्या डॉक्टरांना दाखवा आणि प्रमाणपत्र घ्या. बरं झाल्यावर गेलात, तर मागच्या तारखेचं मिळवताना अडचण येते.