जागलीवरच्या माणसाला झोपेबद्दल विचारताना

नमस्कार मंडळी! प्रकल्पाचे दिवस आले की मानसशास्त्राची बरीच पोरंपोरी एकच विषय उचलतात, शेतकऱ्यांमधलं नैराश्य. आणि हातात घेतात पीएचक्यू-९. २००१ साली प्रसिद्ध झालेली ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, एवढंच विचारायचं. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा त्याहून जास्त आले की निदान मध्यम नैराश्याची शक्यता धरतात.

आता ही घेऊन जानेवारीत यवतमाळकडच्या एखाद्या गावात चला. हरभरा घाट्यावर आलाय, रानडुकरांचा धुडगूस चालू आहे. समोर बसलेला गडी रोज रात्री मचाणावर जागल करतोय. झोपेचा प्रश्न? जवळजवळ रोज, ३. थकवा? ३. जेवणाच्या वेळा मोडल्यात, भुकेचे २. टीव्ही बघताना लक्ष लागतं का? कसं लागणार, डोळेच मिटतात. २ लिहा.

(स्क्रीनवर: ३ + ३ + २ + २ = १०)

मनानं खचलाय का तो? असेलही. पण या बेरजेवरून ते कळत नाही, कारण उदास वाटण्याच्या प्रश्नाला त्यानं ० दिलाय. आपण मोजली ती जागल.

पंधरा दिवसांनी परत जा. डुकरं तिथंच, गडी मचाणावरच, बेरीज पुन्हा १०. गाइड खूश, विश्वसनीयता झकास! आकडा स्थिर आला म्हणजे विश्वसनीयता, खरं. पण मोजायचं होतं तेच मोजलं गेलं का, ही वैधता. ती वेगळी तपासावी लागते, तज्ज्ञाच्या मुलाखतीशी ताडून. निदान एक ओळ तरी वाढवा, ‘सध्या रात्री शेतात जाता का?’ मूळ प्रश्नांना हात लावू नका, ही ओळ शेवटी वेगळी ठेवा.

यात कीस काढतोय असं वाटतं ना? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मोठी गोष्ट आहे. पण असा कुठलाही टक्का घ्या, त्याच्या छेदात ‘नैराश्य असलेले लोक’ बसलेले असतात. तुमच्या प्रकल्पात तो छेदच जागलीवाल्यांनी फुगला, तर वरचं गणित कितीही नीट करा, उपयोग नाही.

पूर्वग्रहाचं थोडक्यात सांगतो. दुपारी पारावर गेलात तर म्हातारी माणसं भेटतील, रोजानं जाणाऱ्या बाया नाहीत. हा नमुन्यातला दोष. संध्याकाळी घरी गेलात, सासू ओसरीवर बसलेली, तर सून सांगणार, ‘सगळं बरं हाय जी.’ आणि हातात फाइल दिसली की पहिला प्रश्न तुम्हालाच येतो, ‘कोनती योजना हाय जी?’ मग दुःख जरा वाढवूनच सांगितलं जातं. खोटं बोलतात असं नाही, मदत मिळेल अशी आशा असते. म्हणून बसायच्या आधीच सांगा, यातून पैसे किंवा योजना काही मिळणार नाही.

संमतीचं मात्र घाईत उरकू नका. नुसता अंगठा घेतला म्हणजे संमती झाली नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे, वाचता न येणाऱ्यासाठी लिहिता-वाचता येणारा, तटस्थ साक्षीदार हवा. सरपंचच ओळख करून द्यायला आलेत आणि तेच साक्षीदार झाले, तर त्या बाईला ‘नाही’ म्हणता येईल का? मला नाही वाटत.

आणि नववा प्रश्न. मरण आलं तर बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का? विदर्भात हा प्रश्न विचारताना आवाज खाली जातो आपला. तरी विचारावा, विचारल्यानं ते विचार डोक्यात घातले जात नाहीत. पण ‘हो’ आलं तर फॉर्म मिटून पुढच्या घरी जायचं नाही. बसायचं, ऐकायचं, आणि गाइडला तिथूनच फोन लावायचा. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात कोण भेटेल, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार कोणत्या दिवशी असतो, हे गावात शिरायच्या आधी विचारून ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलतात. प्रत्येक घरी तो कागदावर लिहून द्या, उत्तर काहीही आलेलं असो.