न लढता मिळालेलं जेरुसलेम

क्रुसेड, म्हणजे जेरुसलेमसाठीची ख्रिश्चनांची धर्मयुद्धं, म्हटलं की चिलखतं, क्रूस शिवलेले अंगरखे आणि समोर मुसलमान सुलतान सलादिनची फौज, एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. १०९९ मध्ये जेरुसलेम घेताना क्रुसेडरांनी केलेली कत्तल आणि ११८७ मध्ये सलादिनने परत घेतलेलं जेरुसलेम याबद्दल मागच्या वेळी बोललो. आज ज्या मोहिमेबद्दल सांगणार आहे, तिच्यात जेरुसलेमसाठी एकही लढाई झाली नाही. आणि त्यावरूनच दोन्हीकडचे लोक खवळले.

सुरुवात थोडी मागून करू. १२१९ मध्ये क्रुसेडर इजिप्तमध्ये नाईलच्या मुखाशी दमिएत्ताला वेढा घालून बसले होते. इजिप्तचा सुलतान अल-कामिल हा सलादिनचा पुतण्या. त्याने निरोप पाठवला: इजिप्त सोडून जा, जेरुसलेम घ्या. ज्या गावासाठी घरदार सोडून आले, ते गाव ताटात वाढून येत होतं! पण पोपचा प्रतिनिधी पेलागियस नाही म्हणाला. दोन वर्षांनी हेच सैन्य कैरोकडे निघालं, नाईलच्या पुरात अडकलं आणि दमिएत्ता परत देऊन, मान खाली घालून घरी गेलं.

त्याच १२१९ मध्ये अल-कामिलचा भाऊ, दमास्कसचा अल-मुअज्जम, याने जेरुसलेमचा तट पाडून टाकला. उद्या गाव ख्रिश्चनांच्या हाती गेलंच, तर त्यांना ते राखता येऊ नये. हा पाडलेला तट लक्षात असू द्या.

पुढे या दोन भावांचंच फाटलं. भावाला शह द्यायला म्हणून अल-कामिलने पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्याकडे दूत पाठवले. फ्रेडरिक सिसिलीत वाढलेला. तिथे अरबी रोज कानावर पडायची. त्याने क्रुसेडची शपथ १२१५ मध्येच घेतली होती, पण घोंगडं भिजत पडलं. १२२७ मध्ये एकदाचा निघाला, तर आजारी पडून परत फिरला. नवव्या ग्रेगरी पोपने त्याला बहिष्कृत केलं. आपल्या भाषेत, वाळीत टाकलं. पुढच्या वर्षी तो तसाच, वाळीत टाकलेलाच, पवित्र युद्धाला निघाला. पोपला हे आणखी झोंबलं.

आता गंमत बघा. सम्राट एकरला, म्हणजे पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या क्रुसेडरांच्या बंदरात, पोहोचेपर्यंत अल-मुअज्जम मरून गेला होता. ज्याच्यासाठी पाहुणा बोलावला, तोच उरला नाही. अल-कामिल पुतण्याकडून दमास्कस हिसकावण्यात गुंतलेला. त्याला दुसरीकडे युद्ध परवडणारं नव्हतं. फ्रेडरिककडे फौज तुटपुंजी, आणि मागे इटलीत पोपची माणसं त्याच्या मुलखात शिरत होती. दोघांनाही उरकायचं होतं. फख्रुद्दीन नावाचा सुलतानाचा वकील महिनोन्‌महिने ये-जा करत राहिला आणि १८ फेब्रुवारी १२२९ ला तह झाला. जेरुसलेम, बेथलेहेम, नाझरेथ ख्रिश्चनांना; हरम अल-शरीफ, म्हणजे अल-अक्सा आणि सोनेरी घुमटाचा परिसर, मुसलमानांकडे. मुदत दहा वर्षं.

मार्चमध्ये सम्राट जेरुसलेमात आला. अरब इतिहासकार त्या रात्रीची गोष्ट सांगतात. पाहुण्याला त्रास नको म्हणून काझीने मुअज्जिनला अजान देऊ नको असं सांगितलं. सकाळी फ्रेडरिकनेच काझीला विचारलं, अजान का झाली नाही? मी तर ती ऐकण्यासाठीच रात्री इथे राहिलो होतो. पण लगेच हुरळून जाऊ नका. त्याच पवित्र घुमटाच्या सेवेकऱ्यांच्या आठवणींवरून दमास्कसचा सिब्त इब्न अल-जौझी लिहितो, की हा माणूस लालसर, टकला, डोळ्यांनी अधू. गुलाम म्हणून विकायला काढला तर दोनशे दिरहमही येणार नाहीत.

येशूच्या थडग्याच्या चर्चमध्ये फ्रेडरिकने मुकुट घातला. बहिष्कृत माणसाचा अभिषेक कोण करणार? स्वतःच डोक्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सीझरियाचा आर्चबिशप पॅट्रिआर्कचा, म्हणजे जेरुसलेमच्या मुख्य धर्मगुरूचा, हुकूम घेऊन हजर: जेरुसलेमात धर्मविधी बंद! शंभर वर्षांहून जास्त काळ ज्या गावासाठी रक्त सांडलं, ते हाती आलं आणि पुजाऱ्यांनीच तिथल्या घंटा गप्प केल्या. तिकडे दमास्कसमध्ये वरच्याच सिब्तने मशिदीत प्रवचन दिलं आणि जेरुसलेम गेलं म्हणून लोक ढसाढसा रडले. हे प्रवचन ठेवायला सांगणारा होता अल-कामिलचा तोच पुतण्या, हेही विसरू नका. रडणं खरं होतं, पण त्याची व्यवस्था राजकारण्यांनी केली होती.

१ मे १२२९ ला पहाटे फ्रेडरिक गुपचूप एकर सोडायला निघाला. बंदराकडची वाट खाटीकआळीतून जात होती. खाटकांनी त्याच्यावर जनावरांची आतडी आणि कोथळे फेकले. जेरुसलेमचा राजा असा घाण अंगावर घेऊन जहाजावर चढला.

आणि तो तट? तो धडपणे पुन्हा उभा राहिलाच नाही. १२४४ च्या उन्हाळ्यात मध्य आशियातले ख्वारझमी घोडेस्वार त्या उघड्या गावात शिरले आणि त्यांनी ते लुटलं. त्यांना मदतीला बोलावलं होतं अल-सालिह अय्यूबने. हा अल-कामिलचा मुलगा.