किल्ल्याचं दार

(दिवाळीच्या सुट्टीआधी गावच्या वाचनालयात पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मागे उभी असलेली मुलं पुढे सतरंजीवर येऊन बसली तरी चालेल. आज बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दलच.

परवा सहामाहीचा शेवटचा पेपर झाला आणि काल संध्याकाळपासून आमच्या गल्लीत फावड्याचा आवाज सुरू झाला. दोघं माती उकरतायत, दोघं कुणाच्या तरी बांधकामावरून विटांचे तुकडे आणतायत आणि सगळ्यात धाकटा नुसताच ओरडून सगळ्यांना कामाला लावतोय. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी 31 वर्षं शिकवलं. दिवाळी आली हे मला दरवर्षी या आवाजानेच कळत आलं.

‘सुट्टीत मुलांबरोबर काय करावं’ असा विषय मला दिला आहे. मी किल्ल्यावर बोलणार आहे. का ते सांगते. दिवाळीतलं बाकीचं सगळं मोठ्यांचं असतं. फराळ आपला, लक्ष्मीपूजन आपलं, खरेदी आपली. मुलांना आपण त्यात घेतो, एखादा लाडू वळू देतो. किल्ला तेवढा मुलांचा. तिथे आपण त्यांच्या परवानगीने जायचं असतं. आणि गेल्या काही वर्षांत ही एकुलती एक जागासुद्धा आपण त्यांच्याकडून काढून घ्यायला लागलो आहोत, कधी तयार रंगवलेला किल्ला विकत आणून, तर कधी स्पर्धेचं बक्षीस मिळावं म्हणून स्वतःच रात्रभर बसून.

हे मी दुसऱ्या कुणाला नावं ठेवायला सांगत नाही. माझ्या हातून ते घडलं आहे.

माझा मुलगा चौथीत होता. चौथीला महाराजांचा इतिहास, आणि त्याच वर्षी आम्ही त्याला रायगड दाखवून आणला होता. त्या दिवाळीत त्याने अंगणात किल्ला घातला. चार दिवस खपत होता. गल्लीची स्पर्धा होती, परीक्षक सकाळी येणार होते. रात्री तो झोपल्यावर मी कंदील घेऊन बाहेर आले, बघते तर किल्ल्याचं दार समोरून दिसतच नव्हतं. दोन बुरूज एकमेकांवर चढल्यासारखे, आणि दार त्यांच्या मागे, आत कुठेतरी. मला वाटलं, पोराचा अंदाज चुकला. मी एक बुरूज कापला, दार ओढून पुढे घेतलं, वर छान कमान केली, गेरू लावला. वाटलं, सकाळी उठून खूश होईल.

सकाळी तो बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, “आई, रायगडाचा महादरवाजा लांबून दिसतो का? समोर दार ठेवलं की तोफ सरळ दारावर येते.”

खरंच होतं ते. रायगडाची पायवाट चढताना दोन बुरूज दिसतात, महादरवाजा दिसत नाही. अगदी जवळ जाऊन वळलं की मग तो समोर येतो. दार असं बुरुजांच्या कुशीत लपवायचं, म्हणजे हत्तीला धडक मारायला धाव घेता येत नाही, तोफ नीट रोखता येत नाही, आणि वरून मारा करायला मात्र जागा मिळते. मालवणच्या सिंधुदुर्गाचं दारही असंच, होडीतून जाताना चटकन सापडत नाही. नऊ वर्षांच्या पोराने हे डोळ्यांनी टिपलं होतं, मनात ठेवलं होतं आणि हाताने करून दाखवलं होतं. इतिहास शिकवणाऱ्या त्याच्या आईने ते एका रात्रीत पुसून टाकलं. त्या किल्ल्याला बक्षीस मिळालं. तो घ्यायला गेला नाही.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. मुलांच्या किल्ल्याला हात लावायच्या आधी विचारायचं, “हे इथे का ठेवलंस?” दहातल्या आठ वेळा त्याला कारण असतं. उरलेल्या दोन वेळा विचारल्यावर मूल कारण शोधतं, आणि तेही चांगलंच की.

आता तुम्ही म्हणाल, मग आम्ही करायचं काय? पुष्कळ आहे. माती आणून द्या. लाल माती मिळाली तर उत्तम. काळी माती वाळताना आकसते आणि तिला भेगा पडतात, पाडव्याच्या आतच कडा फुटलेला दिसतो. चाळणीने खडे काढा, पण ते फेकू नका, पायऱ्यांना आणि तटाला लागतात. आत विटा, दगड, मोडकं घमेलं, काहीही रचा. त्यावर जुनं गोणपाट. हे गोणपाट आधी मातीच्या पातळ राड्यात चांगलं बुचकळून घ्यायचं आणि ओलंच पसरायचं. त्याला ज्या सुरकुत्या पडतात ना, त्याच पुढे दऱ्या आणि सोंडा होतात. सह्याद्री अगदी तसाच दिसतो. त्या सुरकुत्या सरळ करायचा मोह आवरा.

मग अळीव. हे मला फार आवडतं म्हणून जरा थांबून सांगते. मोहरीही उगवते, गहूही उगवतात, पण उभ्या कड्यावर टाकलं तर ते घरंगळून खाली येतात. अळिवाला पाणी लागलं की दोन-पाच मिनिटांत त्याच्याभोवती बुळबुळीत, चिकट आवरण येतं. लाडू करताना बायांना हे माहीत असतं. त्या चिकट आवरणामुळे तो दाणा उभ्या मातीलाही धरून राहतो. वसुबारसेच्या दोन-तीन दिवस आधी टाका, वर हाताने पाणी शिंपडा. तांब्याने ओतू नका, सगळं वाहून जाईल. दोन दिवसांत पांढरे कोंब, आणि लक्ष्मीपूजनाला डोंगर हिरवा. मुलं सकाळी उठल्याबरोबर आधी ते बघायला पळतात. तोंडही न धुता. त्या वेळी तुम्ही त्यांच्याबरोबर उकिडवे बसलात ना, तर मुलाच्या खांद्यावर हात ठेवून एक कोंब बघायचं सुख मिळतं. मला ते दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

कारंजं सगळ्यांनाच हवं असतं. मेडिकलमधून सलाईनची नवी नळी आणा, वापरलेली अजिबात नको. झाडाच्या फांदीला पाण्याचा डबा टांगा आणि नळी गोणपाटाखालून न्या. पोरांना वाटतं, कारंजं खूप उंच उडावं. डबा वर घेतला की उंच उडतं, खाली आणला की बसतं, आणि काही केलं तरी डब्यातल्या पाण्याच्या वर ते जात नाही. हे त्यांना आपण सांगायचं नाही. डबा त्यांच्या हातात द्यायचा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी अंगण नाही म्हणून थांबू नये. माझी भाची पुण्यात पाचव्या मजल्यावर राहते, तिची मुलगी बाळाच्या जुन्या टबात किल्ला करते. दरवर्षी कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून एकच मातीचं चित्र आणायचं, असा त्यांचा नेम आहे. मावळे, तोफा, गवळण, भाजीवाली, सिंहासनावरचे महाराज, सगळं एकदम टोपलीभर आणत नाहीत. एक निवडायला त्या मुलीला तासभर लागतो, आणि आई तासभर शेजारी उभी राहते. गेल्या वर्षी तिने पाणी वाहणारी बाई निवडली. म्हणाली, “गडावर पाणी नको का?”

2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, 11 आपल्याकडचे आणि तमिळनाडूतला जिंजी. आपल्याला आनंद झाला, पेढे वाटले. आता त्यातला एकेक किल्ला दरवर्षी मुलांबरोबर मातीत घालून बघा. राजगड घ्या. मधे बालेकिल्ला आणि तीन दिशांना तीन माच्या, पद्मावती, सुवेळा, संजीवनी. तीन गोणपाटं तीन बाजूंना पसरली की आकार आपोआप येतो. संजीवनीला तट दुहेरी आहे. बाहेरचा पडला तरी आतला उभा. मुलगा दोन तट घालताना विचारतो, “दोन कशाला?” तेव्हा उत्तर माहीत नसेल तर सरळ सांगा, आपण दोघं शोधू. सुट्टी आहे, वेळ आहे. इथे वाचनालयात पुस्तकं आहेत आणि कपाटाची किल्ली कुणी लपवलेली नाही.

बाकीच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. चकलीचा सोऱ्या मुलांना जड जातो, पण करंजीचं कातण द्या त्यांच्या हातात. कडा वाकडी गेली तरी करंजी तोंडात विरघळतेच. फुटू नये म्हणून कडेला दूध लावायचं कामही त्यांचंच. आकाशकंदिलाच्या कामट्या तुम्ही तासून द्या, खळ आणि पतंगाचा कागद त्यांच्याकडे. नरक चतुर्दशीला पहाटे कारीट फोडायला उठवा, रडले तरी उठवा, नंतर हसतात. आणि एवढं सगळं चालू असताना मोबाइल घरात ठेवा. एक फोटो शेवटी काढा, सगळ्यांचे हात मातीचे असताना.

आता ज्यासाठी मी मुख्यतः आले ते बोलते.

आपल्या गावाबाहेर दरवर्षी साखर कारखान्याचा हंगाम सुरू होताना ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. बीडकडची, जालन्याकडची माणसं. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एक कोयता म्हणतात, आणि त्या कोयत्यामागून त्यांची मुलं येतात. शाळा अर्धी सोडून. कित्येक वर्षी त्यांची दिवाळी कोपीतच होते. मी नोकरीत असताना एका वर्षी आम्ही शिक्षकांनी ठरवलं, मुलांना घेऊन जायचं आणि फराळ वाटायचा. पिशव्या भरल्या, कोप्यांपुढे रांग लावली, फोटो काढले. रांगेत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिची पाळी आली तेव्हा तिने हात मागे घेतला आणि धाकट्या भावाला पुढे केलं. स्वतः घेतलं नाही. माझ्या वर्गातली मुलं ते बघत होती. त्यांना काय शिकवलं मी त्या दिवशी? द्यायला गेलेला माणूस उभा असतो आणि घेणारा रांगेत.

पुढच्या हंगामात तीच मंडळी परत आली. या वेळी आम्ही पिशव्या नेल्या नाहीत. कोप्यांतल्या मुलांना निरोप धाडला, शाळेत किल्ला घालतोय, या. अकरा जण आली. ती मुलगीही आली. आमची पोरं जोरात चिखल कालवत होती. ती थोडा वेळ कडेला बघत राहिली आणि मला म्हणाली, “बाई, नुसत्या मातीला भेगा पडतेत. शेण-भुसा घाला की.”

शेण-भुसा आणला. तिने फ्रॉकच्या बाह्या वर सारल्या आणि बुरूज लिंपायला घेतला, तळहात पाण्यात बुडवून, एका बाजूने, न थांबता, खालून वर. माझ्या वर्गातली मुलं एकेक करून आपलं काम सोडून तिच्याभोवती जमली. “दाखव ना, कसं करतेस?” संध्याकाळपर्यंत तिने सहा जणांना लिंपायला शिकवलं होतं. तिच्या भावाने गडाच्या पायथ्याशी मातीची बैलगाडी केली, उसाच्या चिपाडाची चाकं लावून. कुणी म्हणालं, किल्ल्यावर उसाची गाडी कशी? दुसऱ्याने उत्तर दिलं, “गडाला गूळ नको का?” गाडी राहिली. मग सगळ्यांनी गोल बसून चिवडा-लाडू खाल्ले. तिच्या आईने कोपीतून बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी पाठवली होती, लाडवांच्या आधी ती संपली.

त्या वर्षी शाळेच्या किल्ल्याला एकही भेग गेली नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत तो उभा होता.

तर असं आहे. वाचनालयाच्या मागच्या पटांगणात लाल मातीची ट्रॉली आज दुपारी उतरवून घेतली आहे. उद्या सकाळी आठला सुरुवात करू. कोप्यांवर निरोप गेला आहे, बारा-तेरा मुलं येतील असं मुकादम म्हणाले. गोणपाटं घरून आणा, प्रत्येकी एक. जुने कपडे घालून या, आई-बाबांनीसुद्धा. अळीव माझ्याकडे आहे. दार कुठे ठेवायचं ते मुलं ठरवतील.