कासरा कुठे तुटतो

नमस्कार श्रोतेहो.

परभणीजवळच्या आमच्या गावी आप्पांनी सत्तरीत औत सोडलं. खरं तर आम्हीच सोडायला लावलं. "लय केलं आप्पा, आता ओसरीवर बसून खा," असं मायेनंच म्हणालो. दोन पावसाळे गेले नाहीत तोच बाजेवरून उठताना त्यांना गुडघ्यावर हात टेकावा लागू लागला. दुखत काहीच नव्हतं, पायात बळ नव्हतं. हे बळ जातं कुठे, ते आज सांगतो.

मांडीचा स्नायू म्हणजे केसासारख्या बारीक तंतूंची जुडी. त्या तंतूंत मायटोकाँड्रिया असतात, शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका. खाल्लेली भाकरी आणि श्वासातला ऑक्सिजन यांतून त्या एटीपी बनवतात, आणि त्यावर स्नायू चालतो.

या कणिकांचा डीएनए वेगळाच असतो, अगदी छोटा: १६,५६९ अक्षरं, ३७ जनुकं. १९८१ साली तो पूर्ण वाचून झाला. वय वाढलं की त्यातले तुकडे गळतात. अशा तुटक्या प्रती तंतूत एखाद्या जागी तणासारख्या माजतात, आणि तेवढ्या जागेत एटीपी धड बनत नाही.

आता नीट ऐका. सगळा तंतू बिघडत नाही. बिघाड एका छोट्या टप्प्यात असतो, त्याच्या मागंपुढं तंतू ठणठणीत. पण बैलाचा कासरा एका जागी झिजला, की बाकी कितीही नवा असो, तिथंच तुटतो ना? तसाच हा तंतू त्या टप्प्यात बारीक होत जातो आणि तुटूही शकतो.

तरी आप्पांचं दोन पावसाळ्यांत जे झालं, ते नुसत्या वयानं होत नाही. ते बसण्यानं झालं. काम नसलेल्या स्नायूतल्या कणिका घटतात, तरण्या पोराचा प्लास्टरमधला पाय आठवा. याच्या उलटंही होतं. १९६७ साली अमेरिकेत जॉन हॉलोझी यांनी उंदरांना आठवड्यातून पाच दिवस पळवलं, तर त्यांच्या स्नायूंतल्या कणिकांची ऑक्सिजन वापरायची ताकद सुमारे दुप्पट झाली. पुढं म्हाताऱ्या माणसांतही व्यायामानं कणिका वाढलेल्या दिसल्या. गळालेला डीएनए त्यानं जुळत नाही, पण चांगल्या कणिकांची भर पडते.

आम्ही आप्पांना म्हशीला पाणी पाजायचं काम परत दिलंय. सकाळी ते बांधापर्यंत जाऊन येतात. परवा बाजेवरून उठले, तेव्हा हात गुडघ्यावर होता खरा, पण नुसता ठेवलेला.