पॉइंट टू-टू : हलक्या रायफलीची ओळख

[दृश्य : नागपूर. शस्त्रदुरुस्तीचं टेबल, फ्लॅनेलच्या कापडावर जुनी रायफल.]

विदर्भातल्या काही जुन्या घरांत अशी रायफल अजून सापडते. आजोबांच्या लायसन्सवर आलेली, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होणारी, आणि नातवंडांना धड न कळलेली. कळायला मात्र हवी, कारण ती दिसते त्याहून बरीच जास्त धोकादायक आहे.

ही ब्राउनिंगची सेमी-ऑटोमॅटिक. अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंग यांचं डिझाइन; बेल्जियमच्या एफएन या शस्त्र कंपनीच्या कारखान्यात ती १९१४ पासून बनू लागली. वजन अडीच किलोच्या आत. नळी फिरवली की रायफलीचे दोन भाग होतात. मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरून ठेवायची जागा, शोधू गेलात तर दिसणार नाही. ते दस्त्याच्या आत, लांब नळीच्या रूपात बसलेलं असतं.

[जवळून : काडतुसाचा तळ.]

हे पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतूस, म्हणजे सुमारे ०.२२ इंच जाडीच्या गोळीचं, १८८७ सालापासून चालत आलंय. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. पेट घेणारा मसाला तळाच्या मधोमध नसून कडेच्या पातळ पट्टीत भरलेला असतो, म्हणून फायरिंग पिन, म्हणजे तो मसाला पेटवणारी टोकदार कांडी, कडेवर आदळते. याच कारणाने रिकाम्या रायफलीचा चाप उगाच ओढत बसू नये. मध्ये काडतूस नसलं की पिन थेट चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीच्या, काठावर बसते आणि तिथे खळगा पडू शकतो.

आता चाप ओढल्यावर काय होतं ते पाहा. जळत्या दारूचा दाब गोळीला पुढे ढकलतो, तोच दाब पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाला, मागे ढकलतो. पुंगळी बोल्टला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्याला, रेटते आणि खालच्या खिडकीतून बाहेर पडते. स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे आणते, आणि येता येता बोल्ट नवं काडतूस चेंबरमध्ये बसवतो. दर गोळीला चाप नव्याने ओढावाच लागतो, पण रायफल त्याआधीच तयार होऊन बसलेली असते.

घात होतो तो इथेच. मॅगझिन काढलं म्हणजे रायफल रिकामी झाली, असं वाटतं. चेंबरमधलं एक काडतूस मात्र आतच राहतं. म्हणून नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, मॅगझिन बाहेर, मग बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचं. अंधार असेल तर करंगळीने चाचपायचं. आणि ही गोळी सुमारे दीड किलोमीटर जाऊ शकते, हे छोट्या काडतुसाकडे पाहून कुणाला खरं वाटत नाही.

ही रायफल बनली ससा, तितर अशा लहान शिकारीसाठी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती शिकार आता बंद आहे, आणि ते योग्यच झालं. पीक नासवणाऱ्या रानडुकरासाठी वनविभागाच्या परवानगीची वेगळी तरतूद आहे, पण त्या कामाला ही रायफल नेणं क्रूरपणाचं. एवढ्याशा गोळीने डुक्कर जागीच पडेल याचा भरवसा नाही; ते जखमी होऊन झुडपात शिरतं, तासन्‌तास तडफडतं आणि समोर येईल त्याच्या अंगावर धावतं.

[दृश्य : साफसफाई. बोल्टवरची काजळी.]

या काडतुसाची शिशाची गोळी बहुधा मेणाने माखलेली असते. मेण, शिसं आणि जळक्या दारूची काजळी बोल्टवर साचते, मग बोल्ट अडखळतो आणि काडतूस अर्ध्यात अडकतं. तेल मात्र थेंबभरच. जास्त झालं की तीच काजळी चिकट होते. आणि घरात वारसाने आलेली रायफल असेल, तर साफसफाईच्याही आधी लायसन्स आपल्या नावावर करून घ्या. तोवर तिची जागा पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे, घरच्या कपाटात नाही.