हानबोकची एक गाठ

नमस्कार मंडळी! आज गप्पा कोरियन गाण्यांच्या आणि त्या गाण्यांपायी अंगावर आलेल्या कपड्यांच्या. घरात कॉलेजवयाची मुलगी असेल तर बीटीएस हे नाव तुमच्या कानावरून गेलंच असणार, सात पोरांचा कोरियन बँड, २०१३ साली आलेला. मला नाद लावला माझ्या भाचीने, आणि आता आमच्या घरी रात्रीचा कुकर लागतो तोसुद्धा त्यांच्या गाण्यावर.

गाणं सुरू होताना फॅन सातही जणांची पूर्ण नावं ठरलेल्या क्रमाने ओरडतात, किम नामजूनपासून जॉन जंगकूकपर्यंत, त्याला फॅनचांट म्हणतात. आपल्या पोवाड्यात झीलकरी 'जी जी रं' करतात ना, मला तेच आठवतं. कोरियातही पान्सोरी नावाची जुनी गायकी आहे, एक गाणारा, एक ढोलवाला, आणि ऐकणारे मधूनच 'ऑल्सू' म्हणून दाद देतात. बीटीएसने ही दाद २०१८ च्या 'आयडल'मध्ये घेतली आणि २०२० मध्ये तेच गाणं सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यात सादर केलं, नव्या धाटणीचे हानबोक, म्हणजे कोरियाचा पारंपरिक पोशाख, घालून. (पोरांनी काजळ लावलं म्हणून नाकं मुरडणारे मला भेटतात, त्यांना मी एवढंच म्हणते, बालगंधर्वांचं बघून आपल्या पणज्या लुगडं नेसायला शिकल्या होत्या.)

तर त्याच राजवाड्यात आम्ही मावशी-भाची गेलो. हानबोक घालून गेलं की तिकीट लागत नाही, आणि मंगळवारी राजवाडा बंद असतो, मंगळवारी बंद, लक्षात ठेवा. जवळच भाड्याने हानबोक मिळतात. वर आखूड जॅकेट, ते जॉगोरी, खाली छातीपासून घेर असलेला घागरा, तो चिमा, आणि जॉगोरीला पुढे दोन लांब पट्ट्या, गोरुम, त्यांची गाठ मारायची. भाचीने बुटाच्या लेससारखं दोन कानांचं फूल बांधलं, माझंही तसंच.

दारातून आत गेलो तर एक आजी थेट आमच्यासमोर येऊन थांबल्या. काही न बोलता त्यांनी भाचीची गाठ सोडली, पट्ट्या झटकल्या, पुन्हा बांधली, एकच कान, एकच हं, आणि खाली दोन्ही पट्ट्या सरळ सोडलेल्या. मग माझी. माझी आजी माझ्या नऊवारीचा काष्टा असाच सोडून परत घालायची, तोंडात पिन धरून, तशीच हाताची घाई. म्हणाल्या, "इंदो?" म्हणजे इंडिया. आम्ही मान हलवली.

आता भाचीला आभार मानायचे होते, पण तिचं कोरियन सगळं फॅन लोकांकडून उचललेलं. तिने दोन्ही हात जोडले आणि फॅन आपल्या लाडक्या गायकांना जे म्हणतात तेच म्हणाली, "कोत्किलमान गॉतजा", फुलांच्याच वाटेने चालूया. आजी आधी चकित झाल्या, मग इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग बोट वर करून हळूच म्हणाल्या, "गॉरुसेयो." चाला. आपण मोठ्यांना 'चल' म्हणत नाही, 'चाला' म्हणतो, तसं. भाचीने तीनदा म्हणून दाखवलं, तेव्हा कुठे त्यांनी तिचा हात सोडला. गाठही त्यांनीच सुधारली आणि क्रियापदही.

भाड्याचे ते चमचम सोनेरी छापाचे, मागे रिबनवाले हानबोक मला नाही आवडत. रोज वापरायचे साधे सुती निघतात ते बघा, २०१९ मध्ये जंगकूक विमानतळावर तसलेच घालून दिसला होता आणि जगभरचे फॅन तेच शोधत सुटले.

वेळ झाली वाटतं. तर जाल तेव्हा, गाठीला एकच कान. आणि मंगळवार सोडून. नमस्कार!